औषध चिठ्ठीवर, उपचार घरी : हैदराबादमधील त्वचारोग-व्यवसायाचा विचार

वैद्यकाच्या बहुतेक शाखांमध्ये उपचाराचा निर्णायक भाग डॉक्टरच्या हातून पार पडतो. शस्त्रक्रिया शल्यविशारद करतो, प्रसूती प्रसूतितज्ज्ञ पार पाडतो, हाड अस्थितज्ज्ञ बसवतो. त्वचारोगशास्त्राची रीत निराळी आहे, कारण येथे औषधाचा मोठा भाग रुग्णाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरी, नेमक्या जागी, नेमक्या प्रमाणात आणि सांगितलेले सर्व दिवस लावायचा असतो, आणि त्यात चूक झाली की अचूक निदानही निष्फळ ठरते. त्यामुळे त्वचेचा दवाखाना चांगला चालवणे याचा अर्थ केवळ अद्ययावत यंत्रे घेणे किंवा प्रतीक्षागृह सजवणे असा होत नाही. रुग्ण दाराबाहेर पडल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत त्याच्या घरात काय घडेल, याचा विचार तपासणीच्या खोलीतच करणे हा या व्यवसायाचा गाभा आहे.

या विचारासाठी हैदराबादइतके उपयुक्त शहर शोधून सापडणे कठीण आहे. अफझलगंज आणि कोठी परिसरातील शासकीय बाह्यरुग्ण विभागांत नायटा, खरूज, इसब आणि कुष्ठरोग यांची रांग असते, तर बंजारा हिल्स, जुबिली हिल्स आणि गच्चीबावली येथील दवाखान्यांत लेझर, रासायनिक सोलणी आणि केशरोपण यांची मागणी असते. तेलुगू, दखनी उर्दू, हिंदी, मराठी आणि कन्नड बोलणारे रुग्ण एकाच दिवशी एकाच डॉक्टरसमोर बसतात. शिवाय नांदेड आणि परभणीचा रुग्ण मुंबईपेक्षा हैदराबादला लवकर पोचतो. १९५६ मधील राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा, आणि पुढे त्याच नावाच्या राज्याचा, भाग होता, आणि सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गाने जोडलेली ती जुनी वाट आजही उपचारासाठी वापरात आहे. हैदराबादच्या काचिगुडा स्थानकावर सकाळी उतरून संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्या अशा रुग्णाला पुन्हा दाखवायला येणे सोपे नसते, म्हणून त्याच्या बाबतीत पहिल्याच भेटीत सारे नीट समजावून सांगण्याची जबाबदारी दुप्पट होते.

डिचपल्लीचा वारसा

हैदराबादमधील आधुनिक वैद्यकशिक्षणाचा आरंभ १८४६ मधील हैदराबाद मेडिकल स्कूलपासून मानला जातो, आणि १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात जुने रुग्णालय वाहून गेल्यानंतर व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार नदीकाठी उस्मानिया रुग्णालयाची भव्य वास्तू उभी राहिली. परंतु त्वचारोगाच्या दृष्टीने अधिक बोलका इतिहास निजामाबादजवळच्या डिचपल्ली येथे घडला. तेथे १९१५ मध्ये डॉ. इझाबेल कर या स्कॉटिश वैद्यक-मिशनरीने कुष्ठरुग्णांसाठी निवास आणि रुग्णालय सुरू केले, आणि त्यासाठी राजा नरसा गौड या स्थानिक दात्याने मोठी देणगी दिली. त्या काळी कुष्ठरोगावरचा मुख्य उपाय म्हणजे चालमोगरा वृक्षाच्या बियांचे तेल. त्याची वेदनादायक इंजेक्शने महिनोन्महिने घ्यावी लागत आणि गुण अनिश्चित असे. अशा उपचाराला रुग्ण टिकून राहील अशी व्यवस्था उभारणे हेच तेथील खरे वैद्यक होते, आणि म्हणून डिचपल्लीचे स्वरूप वॉर्डांच्या रांगेपेक्षा वसाहतीकडे अधिक झुकणारे होते.

हाच विचार पुढे मराठी मुलखात शास्त्रीय पद्धतीला पोचला. वर्ध्यात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. आर. व्ही. वर्देकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री मांडली. तिच्यानुसार रुग्ण येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्याने घरोघर जाऊन त्याला शोधायचे, कुटुंबाला रोग समजावून द्यायचा आणि राहत्या गावीच औषध पुरवायचे. हैदराबादमध्ये कुकटपल्ली येथील शिवानंद पुनर्वसन गृह १९५८ मध्ये राणी कुमुदिनीदेवी यांच्या पुढाकाराने उभे राहिले, आणि १९८९ पासून लेप्रा सोसायटीने येथूनच आपले काम विस्तारले; तिचे चेर्लापल्ली येथील संशोधन केंद्र ब्रिटनमधील ‘ब्लू पीटर’ या बालकार्यक्रमाच्या प्रेक्षकांनी जमवलेल्या निधीतून उभे राहिले, म्हणून त्याला तेच नाव मिळाले. या सर्व प्रयत्नांतून मिळणारा धडा एकच आहे : त्वचेचा जुनाट रोग बरा करायचा असेल, तर औषधाइतकेच लक्ष रुग्णाच्या घराकडे आणि त्याच्या सातत्याकडे द्यावे लागते. आजच्या खासगी दवाखान्यालाही हा धडा तितकाच लागू आहे.

पहिली भेट

त्वचा उघड्या डोळ्यांना दिसते, त्यामुळे तिचे निदान एका दृष्टिक्षेपात होते असा समज रुग्णांमध्ये आहे आणि गर्दीच्या वेळी डॉक्टरही त्याला बळी पडू शकतो. प्रत्यक्षात चांगली तपासणी भरपूर दिवसाच्या उजेडात, कपडे आवश्यक तेवढे बाजूला करून आणि संपूर्ण त्वचा पाहून करावी लागते. रुग्ण हातावरचा चट्टा दाखवतो, पण सोरायसिसची खूण कोपरावर, टाळूत किंवा नखांवर सापडते, आणि खरजेची खूण बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर आणि बेंबीभोवती असते. स्त्री-रुग्णाची तपासणी करताना स्त्री-सहायक हजर असणे आणि पडद्याची सोय असणे ही शिष्टाचाराची बाब तर आहेच, पण तिच्यावाचून पूर्ण तपासणीच होत नाही, म्हणून ती निदानाचीही अट आहे.

गहूवर्णी आणि सावळ्या त्वचेवर दाह बहुधा लाल दिसत नाही, तो जांभळट, तपकिरी किंवा करडा दिसतो. युरोपीय चित्रसंग्रहांवर पोसलेल्या नजरेला हा फरक मुद्दाम शिकावा लागतो. हैदराबादी रुग्णाच्या बाबतीत त्यात भाषेची भर पडते, कारण नायट्याला कोणी ‘तामर’ म्हणतो तर कोणी ‘दाद’, कोडाला कोणी ‘बोल्ली’ म्हणतो तर कोणी ‘सफेद दाग’, आणि हे शब्द ओळखणारा एक तरी सहायक स्वागतकक्षात असला तर रोगाची हकीकत अपुरी राहत नाही.

या हकीकतीत चार प्रश्न कधीही गाळू नयेत. आतापर्यंत काय लावले आणि कोणी सुचवले, हा पहिला. घरात आणखी कोणाला खाज आहे का, हा दुसरा. काम काय करता, हा तिसरा. आणि इतर कोणती औषधे चालू आहेत, हा चौथा. पहिल्या प्रश्नाला ‘काही नाही’ असे उत्तर आले तरी रिकामी ट्यूब किंवा तिचे छायाचित्र पुढच्या वेळी आणायला सांगावे, कारण ओळखीच्या दुकानातून घेतलेले मलम अनेकांच्या लेखी औषधातच मोडत नाही. तिसऱ्या प्रश्नातून पुष्कळ कोडी सुटतात. बांधकामावरच्या मजुराच्या हातांचा इसब हा सिमेंटमधील क्रोमेट या क्षाराच्या वावड्यामुळे असू शकतो. पन्नाशीतल्या शेतकऱ्याच्या पापण्या, मान आणि कोपरांच्या खोबणी काळवंडून जाड झाल्या असतील, तर १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदवल्या गेलेल्या आणि नंतर देशभर पसरलेल्या गाजरगवताचे हवेतून उडणारे कण त्याला कारण असू शकतात. आणि गुडघ्यावर किंवा पाठीवर काळसर कडेचा, फोड आलेला डाग असेल, तर दुखण्यावर लावलेल्या बिब्ब्याची चौकशी केलीच पाहिजे.

साध्या चाचण्यांना महागड्या यंत्रांइतकाच मान द्यावा. नायट्याच्या कडेची खवली दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर काही मिनिटांत बुरशीचे तंतू दिसतात. रॉबर्ट वूड या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा अतिनील प्रकाशाचा दिवा अंधाऱ्या खोलीत धरला, तर कोडाचा डाग खडूसारखा उजळ दिसतो, आणि डोळ्यांना न दिसणारे नवे डागही प्रकट होतात. प्रत्येक फिकट चट्ट्यावर कापसाच्या वातीने स्पर्श करून संवेदना तपासणे याला तर काहीच खर्च नाही, आणि कुष्ठरोगाचे निदान लवकर होण्याचा तो सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

नायटा आणि स्टिरॉइडचा विळखा

गेल्या दशकभरात भारतातील त्वचारोगतज्ज्ञांना सर्वाधिक जेरीस आणणारा रोग नायटा हा आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जाणारा हा संसर्ग आता महिनोन्महिने रेंगाळतो, कुटुंबभर पसरतो आणि उलटून येतो. याचे एक कारण बुरशीतच आहे : २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळालेल्या बुरशीच्या अनेक वाणांत, टर्बिनाफिन हे औषध ज्या विकरावर काम करते त्याच्या जनुकात बदल झालेले असतात, आणि त्यामुळे नेहमीच्या मात्रेत ते औषध निकामी ठरते. दुसरे कारण मात्र माणसांनी निर्माण केले आहे. क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच ट्यूबमध्ये मिसळलेली मलमे दुकानांत सहज मिळतात. स्टिरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते आणि रुग्णाला गुण आल्यासारखा वाटतो, परंतु दाह दबल्याने शरीराचा प्रतिकारही मंदावतो आणि बुरशी निर्वेध पसरते. अशा नायट्याची कड पुसट होते किंवा वर्तुळात वर्तुळे उमटतात, त्यामुळे पुढच्या डॉक्टरला निदान करणेही अवघड जाते.

चेहऱ्यावर स्टिरॉइड वापरल्याचे परिणाम याहून क्लेशदायक आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील अनेक केंद्रांवर केलेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी असलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, स्टिरॉइडयुक्त मलम वापरत असल्याचे आढळले. त्वचा पातळ होणे, सतत लाली आणि जळजळ, पुटकुळ्या, चेहऱ्यावर लव वाढणे आणि मलम थांबवताच सारे उसळून येणे, अशी त्याची लक्षणे असतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध खास कृतिदल स्थापन केले, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई असलेल्या ‘एच’ अनुसूचीत स्पष्टपणे समाविष्ट केली. तरीही दुकानदार आणि शेजारी यांचा सल्ला थांबलेला नाही, आणि म्हणून या विळख्यातून रुग्णाला सोडवण्याची जबाबदारी दवाखान्यावरच येते.

ती पार पाडण्याची रीत ठरलेली आहे. स्टिरॉइड थांबवल्यावर पहिले काही आठवडे त्रास वाढेल, हे औषध लिहिण्याआधीच सांगावे. हे न सांगितल्यास रुग्ण नव्या डॉक्टरला दोष देऊन जुन्या ट्यूबकडे परततो. इट्राकोनॅझॉलची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची आणि तिच्यासोबत आम्लपित्ताची गोळी घ्यायची नाही, कारण जठरातील आम्लाविना ती नीट शोषली जात नाही. ही एक ओळ चिठ्ठीवर नसेल तर महागडे औषध वाया जाते. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे लावावे, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा, आणि घरातील बाधित व्यक्तींनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. चट्टे पूर्णपणे नाहीसे होईपर्यंत उपचार चालला पाहिजे, आणि हे ठरवण्याचा अधिकार खाज थांबण्याला नसून तपासणीला आहे, हे रुग्णाला पटवून द्यावे.

चिठ्ठी कशी लिहावी

‘दिवसातून दोनदा लावणे’ ही सूचना अपुरी आहे, कारण किती लावावे हे तिच्यात नाही. यासाठी १९९१ मध्ये ब्रिटनमधील लाँग आणि फिनले यांनी सुचवलेले बोटाचे माप फार सोयीचे आहे. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत ट्यूबमधून पिळलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि तेवढे मलम दोन तळहातांएवढ्या त्वचेला, बोटे धरून, पुरते. एक तळहात म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. म्हणून दहा टक्के भागावर दिवसातून दोनदा लावायचे असेल, तर रोज पाच ग्रॅम आणि दोन आठवड्यांना सत्तर ग्रॅम मलम लागते. अशा रुग्णाला लिहून दिलेली पंधरा ग्रॅमची एक ट्यूब तीन दिवसांत संपते, आणि पुढच्या भेटीत ‘औषध लागू पडले नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

खरजेच्या बाबतीत हाच हिशेब कुटुंबाला लावावा लागतो. पाच टक्के परमेथ्रिन मलम मानेखाली सर्वांगाला, नखांच्या आत आणि बेंबीतही, रात्री लावून आठ ते बारा तास ठेवायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे असते. प्रौढाला एका वेळी सुमारे तीस ग्रॅम लागतात, आणि घरातील सर्वांनी, खाज नसली तरी, एकाच रात्री ते लावले नाही तर खरूज फिरत राहते. खरजेचे सूक्ष्म किडे मेल्यानंतरही खाज दोन ते चार आठवडे टिकू शकते. हे आधी सांगितलेल्या रुग्णाला धीर राहतो; न सांगितलेला रुग्ण रोज मलम लावून त्वचा भाजून घेतो.

सर्वाधिक काळजी मेथोट्रेक्सेटच्या चिठ्ठीत घ्यावी. सोरायसिससाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि ते चुकून रोज घेतले गेल्यास तोंडात व्रण, रक्तपेशींचा नाश आणि मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून चिठ्ठीवर वार लिहावा, ‘फक्त सोमवारी’ असे रुग्णाच्या भाषेत लिहावे, फॉलिक आम्लाची गोळी वेगळ्या वारी द्यावी, आणि घरातील एका जबाबदार व्यक्तीकडून ते म्हणवून घ्यावे. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन गर्भातील बाळाला व्यंग आणते, त्यामुळे तरुण स्त्रीला ते देण्याआधी गर्भधारणेविषयी स्पष्ट बोलणे, ते चालू असताना आणि थांबवल्यानंतर एक महिना गर्भनिरोधन करण्यास सांगणे आणि तशी नोंद ठेवणे अनिवार्य आहे. सल्फा, फिट्सवरील कार्बामाझेपिन व फेनिटॉइन किंवा गाऊटवरील अॅलोप्युरिनॉल यांमुळे तोंड-डोळे सोलवटून अंगभर फोड आले असतील, तर त्या औषधाचे नाव लिहिलेले कार्ड रुग्णाच्या पाकिटात कायम असावे, कारण दुसऱ्यांदा ते औषध दिले गेल्यास जीव वाचेलच असे नाही.

कुष्ठरोग संपलेला नाही

डिसेंबर २००५ मध्ये भारतात कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी झाल्याचे जाहीर झाले, आणि त्यानंतर हा रोग इतिहासजमा झाल्याची भावना पसरली. वस्तुतः जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, आणि त्यांतील कित्येक जण आधी साध्या खासगी दवाखान्यात ‘कॅल्शियम कमी आहे’ किंवा ‘नायटा आहे’ असे ऐकून आलेले असतात. फिकट किंवा लालसर, न खाजणारा, बधिर चट्टा; कोपराजवळ जाड झालेली नस; हातातून वस्तू निसटणे किंवा पायातली चप्पल नकळत सुटणे, या खुणांची विचारपूस लेझरच्या दवाखान्यातही झाली पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेला बहुऔषधोपचार शासकीय केंद्रांत मोफत मिळतो आणि पूर्ण गुण देतो, परंतु तो सहा किंवा बारा महिने न चुकता घ्यावा लागतो. त्यातील रिफॅम्पिसिनने लघवी लालसर होते आणि क्लोफाझिमिनने त्वचा काळपट पडते; ही गोष्ट तात्पुरती आहे, हे सांगायचे राहून गेल्यास रंगाला घाबरून औषध सोडले जाते. उपचार चालू असताना अचानक चट्टे सुजले, नस दुखू लागली किंवा हातापायाची शक्ती गेली, तर ती औषधाची नव्हे, रोगाची प्रतिक्रिया असते. औषध न थांबवता तातडीने उपचार केल्यास कायमचे अपंगत्व टळते. बधिर पायासाठी रोज पाय तपासणे, तेल लावणे आणि मऊ तळव्याची पादत्राणे वापरणे हे औषधाइतकेच मोलाचे आहे. २०१९ च्या कायद्याने कुष्ठरोग हा घटस्फोटाचा आधार म्हणून काढून टाकला. एवढ्या उशिरा झालेली ही दुरुस्ती पाहता निदान सांगताना डॉक्टरचा आवाज, शब्द आणि स्पर्श यांना किती अर्थ असतो हे वेगळे सांगण्याची गरज नाही. अशा रुग्णाचा हात हातात घेऊन तपासणे हा उपचाराचा आरंभच आहे.

रंगाचा प्रश्न

हैदराबादच्या खासगी दवाखान्यांत येणारा मोठा प्रश्न रंगाचा असतो, आणि त्याच्या दोन टोकांना वांग आणि कोड उभे आहेत. वांग हा जुनाट विकार आहे. तो आटोक्यात राहतो, पण ऊन आणि प्रखर दृश्य प्रकाश यांनी पुन्हा उमटतो, त्यामुळे रोज पुरेसे, शक्यतो लोहाच्या ऑक्साइडचा रंग असलेले सनस्क्रीन लावणे ही त्याची पायाभूत चिकित्सा आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचे तिहेरी मलम मर्यादित आठवड्यांसाठी उपयोगी असते. वर्षानुवर्षे वापरल्यास त्याच मलमाने चेहरा बिघडतो, म्हणून त्याच्या चिठ्ठीवर थांबवण्याची तारीख असावी. घटक न छापलेल्या, रंग गोरा करणाऱ्या क्रीमचे धोके त्याहून गंभीर आहेत. अकोल्यातील एका कुटुंबातील तिघी जणींच्या मूत्रपिंडांना अशा क्रीममधील पाऱ्याने इजा झाल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयात निष्पन्न झाले, आणि २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातूनही असेच रुग्ण पुढे आले. रंग उजळण्यासाठी क्रीम वापरणाऱ्या रुग्णाच्या पायावर सूज दिसल्यास लघवी तपासणे ही त्वचारोगतज्ज्ञाचीच जबाबदारी आहे.

कोड संसर्गजन्य नाही, ते कोणत्याही पापाचे फळ नाही आणि दूध-मासे एकत्र खाल्ल्याने होत नाही, हे सासर-माहेरच्या माणसांसमोर सांगणे हा उपचाराचा भाग मानावा. टिकलीच्या गोंदातील रसायनाने कपाळावर आलेला पांढरा डाग वेगळा ओळखावा, कारण टिकली बदलणे हाच तेथला पहिला उपाय आहे. पसरणारे कोड औषधांनी आणि ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांनी रोखता येते, पण त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा, अनेक महिने यावे लागते. दूरच्या रुग्णाला ही वारंवारता झेपेल का, जवळच्या गावी अशी सोय आहे का, हे आधी तपासले नाही तर उपचार अर्ध्यावर सुटतो.

लेझरच्या बाबतीत सावळी त्वचा क्षमाशील नसते. त्वचेतील रंगद्रव्य ऊर्जा शोषते आणि भाजल्याचे काळे किंवा पांढरे डाग मागे राहतात, म्हणून अनावश्यक केस काढताना १,०६४ नॅनोमीटरची लांब तरंगलांबी तुलनेने सुरक्षित ठरते, आधी लहानशा जागी चाचणी घ्यावी लागते आणि उन्हाने काळवंडलेल्या त्वचेवर घाई करता येत नाही. लग्नाच्या आठवड्यात सोलणीचा पहिला प्रयोग करण्याची विनंती आली, तर ती नाकारण्याचे धैर्य डॉक्टरकडे असले पाहिजे. केशरोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रिया प्रशिक्षित डॉक्टरांनीच कराव्यात, चित्रफिती पाहून शिकलेले कौशल्य पुरेसे नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले, आणि या शहरात त्याचे पालन होणे विशेष गरजेचे आहे.

दवाखान्याची घडी

चांगल्या दवाखान्याची ओळख त्याच्या नोंदींत असते. २००२ च्या वैद्यक-व्यवसाय नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी किमान तीन वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे बंधनकारक आहे, आणि हीच शिस्त बाह्यरुग्णांबाबत पाळली तर मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णाचा मागचा रक्तअहवाल शोधायला वेळ लागत नाही. त्वचेची छायाचित्रे एकाच प्रकाशात, एकाच अंतरावरून आणि मोजपट्टीसह घ्यावीत. ती रुग्णाच्या लेखी संमतीने घ्यावीत, फोनच्या सर्वसाधारण गॅलरीत ठेवू नयेत आणि जाहिरातीसाठी वापरू नयेत. संमतीपत्र म्हणजे सहीचा कागद नव्हे. समीरा कोहली प्रकरणातील २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवल्याप्रमाणे रुग्णाला उपचाराचे स्वरूप, पर्याय, धोके आणि उपचार न केल्यास काय होईल हे समजले पाहिजे, आणि एका प्रक्रियेची संमती दुसरीला लागू होत नाही.

मार्च २०२० मधील दूरवैद्यक-मार्गदर्शक तत्त्वांमुळे नांदेडच्या रुग्णाची पुढची भेट फोनवर होऊ शकते, आणि पुनर्तपासणीसाठी ती उत्तम सोय आहे; परंतु नवा फिकट चट्टा स्पर्शाविना तपासता येत नाही आणि ताप-फोडांच्या रुग्णाला पडद्यावर थांबवून ठेवता येत नाही, ही मर्यादा पाळावी. इंजेक्शन आणि लेझर चालणाऱ्या खोलीत अॅड्रेनलिन तयार असावे, कारण औषधाच्या तीव्र वावड्यात प्रौढाला मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिलीटर दिल्याने जीव वाचतो आणि त्या क्षणी शोधाशोध करायला वेळ नसतो. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हा २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांचा दंडक प्रत्येक सहायकाला पाठ असावा. चाचणी किंवा औषधविक्रीतील कमिशन व्यवसायनियमांना धरून नाही, आणि त्याने विश्वास गमावला की रुग्ण पुन्हा शेजाऱ्याच्या ट्यूबकडे वळतो.

हे सारे करायला वेळ लागतो आणि गर्दीच्या दवाखान्यात वेळच कमी असतो, ही अडचण खरी आहे. तिच्यावर मार्ग कामाच्या वाटणीत आहे : हकीकत सहायकाने घ्यावी, बोटाचे माप परिचारिकेने प्रत्यक्ष मलम पिळून दाखवावे, आणि खरूज, नायटा, सनस्क्रीन व मेथोट्रेक्सेट यांच्या छापील सूचना तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत तयार असाव्यात. डॉक्टरचा वेळ मग दोनच गोष्टींसाठी उरतो, संपूर्ण त्वचा पाहण्यासाठी आणि रुग्णाला समजले की नाही हे त्याच्याकडून ऐकण्यासाठी. या दोहोंना पैशात मोजता येत नाही, आणि त्यांच्यासाठी वेगळे शुल्क आकारणेही कठीण असते. तरी हैदराबादच्या शासकीय रांगेत असो किंवा जुबिली हिल्सच्या वातानुकूलित खोलीत, बरे होणारे आणि न होणारे रुग्ण यांच्यातला फरक मुख्यतः तेथेच पडतो. म्हणून नव्या त्वचारोगतज्ज्ञाने पुढचे यंत्र घेण्यापूर्वी आपल्या गेल्या महिन्याच्या पन्नास चिठ्ठ्या पुन्हा वाचाव्यात, आणि प्रत्येकीवर एकच प्रश्न विचारावा : ही चिठ्ठी घेऊन घरी गेलेल्या माणसाला, दुसऱ्या कोणालाही न विचारता, काय करायचे ते नक्की कळले असेल का?